ब्रेकची दांडी

बॉनेटचा खटका ओढण्यासाठी तो ड्रायव्हरच्या दारातून आत वाकला, तेव्हा त्याच्या कोपराला काहीतरी लागलं. फार जोरात नव्हतं लागलं. पण स्टिअरिंगच्या त्या बाजूला, जिथे कुठल्याही गाडीत नुसती मोकळी हवा असते, तिथे काहीतरी होतं आणि ते लाकडाचं होतं. त्याने न बघताच हात मागे नेला आणि ते मुठीत धरलं. मूठ बंद झाली तसा अंगठा आपोआप वरच्या खळग्यात जाऊन बसला. सकाळपासूनची ही चौथी गाडी. राखाडी निळा रंग, मागच्या काचेवर सरकारी योजनेचा कागद चिकटवलेला, कागदावर नंबर आणि मोडायची तारीख, आजची. रांगेतून ढकलत आणताना त्याने तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता तो वाकलेलाच राहिला. सीटच्या उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास नाकात जात होता आणि मूठ सोडवत नव्हती. तो खळगा त्याने स्वतः कोरला होता, अर्धगोल कानशीने, बावीस वर्षांपूर्वी, ताईचा अंगठा पुन्हा पुन्हा ठेवून बघत. तेव्हा ही गाडी पांढरी होती.

"काय डॉक्टर, पेशंट चावला का?" पलीकडून कटरवाला ओरडला.

"पाठीत उसण भरली," तो म्हणाला आणि खटका ओढून बाहेर आला.

यार्डात त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. जुनी गाडी सरकारजमा करा, नव्या गाडीवर सूट घ्या, अशी ती योजना. आणि जमा झालेली गाडी पुन्हा कधी रस्त्यावर येऊ नये म्हणून आधी तिचं इंजिन मारायचं, हा तिचा पहिला नियम. इंजिनातलं तेल काढून घ्यायचं, त्याच्या जागी कॅनमधलं पांढुरकं चिकट औषध ओतायचं आणि गाडी चालू करून ठेवायची. तीन-चार मिनिटांत आतलं सगळं धरून यायचं, इंजिन खोकायचं, हादरायचं आणि थांबायचं ते कायमचं. हे काम त्याचं होतं. एकही पेशंट उठून घरी न गेलेला डॉक्टर, असं कटरवाला नव्या माणसाला त्याची ओळख करून देताना सांगायचा आणि तोही हसायचा. इंजिन मेलं की मग दारं, काचा, दिवे, सीटा, आरसे, डायनॅमो असं जे जे कुणाच्या उपयोगी पडेल ते उतरवायचं आणि उरलेला सांगाडा चार वाजता प्रेसखाली. दोन गोष्टी मात्र बाहेर विकायच्या नाहीत, त्या सांगाड्याबरोबरच चेपायच्या: स्टिअरिंगचं सामान आणि ब्रेकचं सामान.

त्याने गाडीखाली घमेलं सरकवलं. तेलाचा बोल्ट सैल केला, काळं कोमट तेल धारेने पडायला लागलं, आणि तो उकिडवा बसून त्या धारेकडे बघत राहिला. ताई आहे ना? पहिला विचार हाच आला, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. सख्ख्या बहिणीबद्दल हा प्रश्न माणसाला मोडीतल्या गाडीखाली बसून पडावा! आठ वर्षांत तिचा आवाज त्याने ऐकला नव्हता. गाडी तिनेच जमा केली, की तिच्यामागे कुणी? दादाने कळवलं असतं. कळवलं असतं का?

ताईचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. गुडघ्याखाली तो काठीसारखा राहिला आणि ती वाढली तसा तो वाढला नाही. पण गाडी चालवायची हे तिच्या डोक्यात कधी शिरलं कुणास ठाऊक. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली होती आणि तिथे नमुने गोळा करायला जी माणसं घरोघर फिरत, त्यांच्यात तिला जायचं होतं. "बसून बसून कंटाळा येतो. डावा पाय आहे ना मला? क्लच तो सांभाळेल. बाकीच्या दोन पेडलांचं तू बघ." दादा हसला होता. आई गप्प होती. आणि हा, तेव्हा सव्वीस वर्षांचा, गॅरेज नुकतंच टाकलेला, दीड महिना त्या दांडीवर बसला होता. पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की वेग. खाली एक सळई, ती ब्रेकच्या पेडलाला आवळलेल्या, भोक पाडलेल्या लोखंडी कानात बसवलेली, कानात एक आडवी पिन, आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात दुमडून घातलेली एक छोटी, केसात लावायच्या आकड्यासारखी पिन. मूठ एका जुन्या कानशीची, लाकडी. ताई पहिल्यांदा मैदानात गाडी घेऊन गेली तेव्हा हा शेजारी बसला होता, आणि तिने ताशी वीसच्या वेगाने गोल गोल फिरत इतक्या मोठ्याने शिव्या घातल्या होत्या, आनंदाने, की मैदानावर खेळणारी मुलं थांबून बघायला लागली. ताईला शिव्या येतात हे त्याला त्या दिवशी कळलं. आयुष्यात आपण काय केलं असं कुणी विचारलं तर त्याने ती दांडी दाखवली असती. पुढे दाखवायची सोय राहिली नाही.

घमेलं भरत आलं होतं. तो उठला, हात पुसले आणि ऑफिसच्या खिडकीशी गेला. नोंदणीवाली बाई कागदांना टाचण्या मारत होती.

"ती निळी गाडी कुणी जमा केली?"

"का हो? कागदात काही चुकलंय?"

"नाही. सहज."

तिने रजिस्टर उलटलं. "परवा एक बाई आल्या होत्या. स्वतः चालवत. कुबडी घेऊन उतरल्या, मला वाटलं शेजारच्या सीटवरून उतरताहेत, तर ड्रायव्हरच्याच! नवी घेतलीये म्हणाल्या." मग तिला हसू आलं. "चावी देताना मला म्हणतात कशा, दुसरा गिअर जरा अडतो, सांभाळून टाकायला सांगा. मोडीत द्यायच्या गाडीचा!"

म्हणजे ताई आहे. परवा. परवा तो मागच्या शेडमध्ये होता. मध्ये फार तर तीस पावलं आणि पत्र्याची एक भिंत.

परत येऊन तो गाडीत बसला. औषध ओतायच्या आधी बसायची काही गरज नसते. समोरची काच धुळकट होती आणि तिच्यातून प्रेसची पिवळी चौकट दिसत होती. त्याने दांडीकडे बघायचं टाळलं. खाली, पेडलांच्या अंधारात, तो कान होता आणि तिथे वाकून बघितलं की काय ते कळणार होतं. नऊ वर्षं त्याला वाटत आलं होतं की एकदा बघता आलं असतं तर. आता कुणी अडवणारं नव्हतं.

त्या साली ताईने गाडी त्याच्याकडे आणली होती, दांडीला जरा ढिलाई वाटते म्हणून. त्याने सळई काढली, कान घट्ट केला, पुन्हा जोडली. दुमडायची पिन जुनी झाली होती, तुटली. डबा उपडा केला, तर त्या मापाची एकही नव्हती. दुकान गल्लीच्या टोकाला होतं. गिऱ्हाईक ताटकळत होतं, चहा निवत होता, ताईलाही जायचं होतं. त्याने एक बारीक खिळा घेतला, भोकात सारला आणि पक्कडीने वाकवला. "तात्पुरतं केलंय. रविवारी ये, बदलतो," तो म्हणाला होता. नाही, "ये" म्हणाला नव्हता. "रविवारी येऊन बदलतो" म्हणाला होता. हे वाक्य त्याने मनात इतक्या वेळा फिरवलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. पण त्यातला "येऊन" काही झिजला नाही. रविवारी तो झोपला होता. पुढच्या रविवारी कुणाकडे तरी जायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ताई आईला डोळे तपासायला घेऊन निघाली. दवाखान्याजवळच्या उतारावर तिने दांडी पुढे ढकलली आणि दांडी नुसतीच पुढे गेली. डावा पाय क्लचवरून उचलून ब्रेकवर नेईपर्यंत भिंत आली. ताईला खरचटलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ती पडून राहिली, पडून राहिल्यावर छातीत कफ धरला आणि चौथ्या महिन्यात ती गेली.

हॉस्पिटलच्या त्या लांब कॉरिडॉरमध्ये, पहिल्याच दिवशी, दादा ताईला म्हणाला होता, "नको नको म्हणत होतो मी. तुझा हट्ट!" ताईच्या कपाळाला पट्टी होती. ती म्हणाली, "ब्रेक लागला नाही रे." दादा म्हणाला, "हात निसटला असेल. कबूल कर ना." वहिनी भिंतीकडे बघत होती. आणि तो, तिसऱ्या खुर्चीवर, हातात आईचा चष्मा घेऊन बसला होता. नुसतं तोंड उघडलं असतं तर झालं असतं. त्याने तोंड उघडलंही, आणि म्हणाला, "मी पाणी आणतो." जिना उतरताना त्याने स्वतःला समजावलं की खिळ्यानेच झालं कशावरून? आधी गाडी बघू, मग बोलू. गाडी ओढून दुसऱ्याच एका गॅरेजात नेली होती. आज बघू, उद्या बघू करता करता ती दुरुस्त होऊन घरीही आली. मग आई गेली. मग ताईच्या घरी गेलं की तिची नजर त्याच्यावर यायची आणि काही न बोलता थांबायची, दारात एखादं माणूस थांबावं तशी. त्याला ती नजर सोसेना. आधी आठवड्याने जायचा, मग महिन्याने, मग गेलाच नाही. बायको विचारायची, "ताईंकडे का जात नाही?" तो म्हणायचा, "वेळ कुठे मिळतो." गॅरेज बंद पडल्यावर वेळच वेळ होता, तेव्हा तिनेही विचारायचं सोडून दिलं.

तो सीटवरून खाली घसरला, पाठ टेकवली, मान पेडलांच्या आत घातली आणि टॉर्च लावला. कान तोच होता. त्यावरची त्याच्या वेल्डिंगची ओबडधोबड रेघही तीच. पिन मात्र वेगळी होती, जाड, चांगल्या पोलादाची. तिच्या भोकात नेमक्या मापाची दुमडलेली पिन. आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, वरून तांब्याच्या तारेचे दोन वेढे, पीळ देऊन नीट कापलेले. ज्या कुणी हे केलं होतं तो रागावून करत होता. ते बघताक्षणी त्याला कळलं. मेकॅनिकला मेकॅनिकचा हात कळतो. दुसऱ्याच्या गबाळ्या कामावर चिडूनच माणूस इतकं चोख काम करतो. म्हणजे त्याने जुनं काय निघालं ते पाहिलं होतं. आणि पाहिलं असेल तर गाडीच्या मालकिणीला दाखवल्यावाचून तो राहिला नसेल. बदललेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवायचा, हा तर धंद्याचा पहिला धडा. तो स्वतःही ठेवायचा.

टॉर्च छातीवर ठेवून तो तसाच पडून राहिला. नऊ वर्षं त्याला भीती होती ती ताईला कळेल याची. आणि तिला तर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ती नजर थांबत होती ती वाट बघायला. बाहेर कुणीतरी पाना टाकला, त्याचा आवाज फरशीवर घरंगळत गेला.

साहेब दुपारी फेरीला आले तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, निळ्या गाडीतला हाताने लावायच्या ब्रेकचा हा सेट मला घेता येईल?"

"ब्रेकचं सामान बाहेर जात नाही. हे तुम्ही मला विचारताय?"

"माझ्या हातचा आहे. मी बनवलाय."

साहेबांनी वाकून दांडी पुढे-मागे करून बघितली. माणूस वाईट नव्हता. "चांगला बनवलाय," ते म्हणाले. "पण उद्या कुणी हा दुसऱ्या गाडीला लावला आणि काही झालं, तर? कुणाचा जीव गेला तर जबाबदारी कुणाची?"

तो फडक्याला हात पुसायला लागला. साहेबांना वाटलं, माणूस खट्टू झाला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

त्याने औषध ओतलं. चावी फिरवली, आणि वेग वाढवायला नेहमीसारखा पाय न वापरता दांडी आपल्याकडे ओढून धरली. इंजिनाने आधी ऐकलं, मग ते कुरकुरलं, मग आत वाळू दळल्यासारखा आवाज यायला लागला आणि सगळी गाडी त्याच्या मांड्यांखाली थरथरली. इंजिन आज फार वेळ चाललं असं त्याला वाटलं. घड्याळात बघितलं तर नेहमीइतकंच, साडेतीन मिनिटं. मग त्याने दारं उतरवली, दोन्ही आरसे काढले, मागच्या काचा अलगद काढून पोत्यावर टेकवल्या. दिवे चांगले होते. उजव्या दाराच्या कप्प्यात पेपरमिंटचे कागद, सुयांची रिकामी टोपणं, आणि आठ-दहा वर्षांची साठलेली धूळ निघाली. चार वाजता क्रेनने सांगाडा उचलला. कटरवाला म्हणाला, "डॉक्टर, आज तोंड का पाडलंय?" तो म्हणाला, "ही माझ्या ताईची गाडी होती." कटरवाल्याने खिशातली तंबाखू काढली, आधी याच्यापुढे धरली. प्रेस खाली आली. टप शेवटपर्यंत टिकेल असं वाटत असतं, पण आधी टपच जातो.

सहाच्या बसने तो ताईच्या घरी उतरला. हातात काहीच नव्हतं. वाटेत फळांच्या गाडीशी थांबला होता, पण फळं घेऊन जाणं त्याला आजाऱ्याच्या भेटीसारखं वाटलं. तळमजल्यावरचं दार अर्धं उघडं होतं. दाराबाहेर पांढरी नवी छोटी गाडी उभी होती, सीटांवरचं प्लॅस्टिकही न काढलेली. आत ताई टेबलाशी बसून गाडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक वाचत होती. केस सगळे पिकले होते. तिने चष्म्यावरून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"तू होय," ती म्हणाली. "ये. दार लोटून घे, डास येतात."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "नवी घेतलीस."

"गिअरच नाहीत हिला. डाव्या पायाचं पेडल बसवून देतात आता, कंपनीतूनच. तुला कसं कळलं?"

"जुनी माझ्याकडे आली होती. मी त्या यार्डात असतो."

"यार्डात? आणि गॅरेज?"

"बंद केलं. पाच वर्षं झाली."

"मला कोण सांगणार!" ती म्हणाली, आणि पुस्तक मिटलं. मग थांबली. तीच नजर होती, नऊ वर्षांपूर्वीची, फक्त आता भोवती सुरकुत्या होत्या.

यार्डातून बसपर्यंत, बसमधून इथपर्यंत त्याने चार-पाच वाक्यं जुळवली होती. ती कुठे गेली कळेना. "ताई, पिन नव्हती," तो म्हणाला. "खिळा होता. मी घातलेला. रविवारी येऊन बदलतो म्हणालो होतो. आलो नाही."

"हं."

"तुझा हात निसटला नव्हता."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "गाडी घ्यायला गेले तेव्हा त्या गॅरेजवाल्याने खिळा कागदात गुंडाळून दिला. म्हणाला, बाई, हे ज्याने केलंय त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू?" तिचा आवाज एकदम चढला, आणि त्याला बरं वाटलं, ओरडली असती तर आणखी बरं वाटलं असतं. "तू बोलशील म्हणून थांबले. आई होती तोवर वाटलं, आज बोलेल. आई गेली, वाटलं, आता तरी बोलेल. मग तू यायचाच बंद झालास. तुला पाठीशी घालायला गप्प बसले असं समजू नकोस हं. एवढी मोठी नाही मी. मला राग होता. ठरवलं, हा स्वतःच्या तोंडाने सांगत नाही तोवर मीही कुणाला सांगणार नाही. बघू कोण आधी थकतं." तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. "दादाची मुलं माझ्या गाडीत एकदाही बसली नाहीत. शाळेत सोडते म्हटलं की वहिनी म्हणायची, राहू द्या, चालत जातील. ती मुलं आता कॉलेजात जातात."

तो मान खाली घालून बसला. फरशीवर कुबडीच्या रबराचे काळे ठिपके होते, टेबलापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून टेबलापर्यंत, इतकी वर्षं त्याच वाटेने.

"माझं चुकलं, ताई."

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं." त्याने बसताना खिशातून काढून टेबलावर ठेवलेला फोन तिने त्याच्याकडे सरकवला. "दादाला सांग. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने नंबर लावला. घंटी तीनदा वाजली. पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं, आणि मग दादाचा जाड, म्हातारा होत चाललेला आवाज आला. "काय रे धाकट्या? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. दादा, एक सांगायचंय. टीव्ही जरा बंद कर." टीव्ही बंद झाला. त्या शांततेत त्याने सांगितलं. डब्यात पिन नव्हती तिथपासून सुरुवात केली, गिऱ्हाईक घाईत होतं हे सांगायला निघाला आणि ते गाळलं. खिळा, दोन रविवार, उतार, हॉस्पिटलमधली तिसरी खुर्ची. "ती म्हणत होती ब्रेक लागला नाही. खरं तेच होतं. मला माहीत होतं, आणि मी पाणी आणायला गेलो." 

"आणि हे तू आज सांगतोयस," अखेर दादा म्हणाला.

"हो."

"नऊ वर्षं मी तिला..." दादाने वाक्य सोडून दिलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कुठून बोलतोयस? ती आहे का तिथे? दे. दे तिला फोन."

त्याने फोन पुढे केला. ताई खुर्चीवरून उठली होती. कुबडी काखेत घेऊन ओट्याशी पोचली होती, पाठमोरी उभी राहून गॅसवर तवा ठेवत होती, आणि फोनसाठी तिने हात पुढे केला नाही.

"त्याला म्हणावं, उद्या बोलते," ती वळूनही न बघता म्हणाली. "आत्ता धाकटा घरी आलाय."